बडोद्यात इंडियन-नेपाळी लंच बुफे: बारा जणांना नेण्याआधी काय काय बघावं?

अलकापुरीकर

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी घरातल्या बारा जणांना इंडियन-नेपाळी लंच बुफेला न्यायचं ठरतंय. बुफेची वेळ १२ ते ३. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहे, धाकट्या जाऊबाई कांदा-लसूण खात नाहीत, तीन मुलं आहेत, पाच जण पूर्ण शाकाहारी आणि बाकीचे चिकन खाणारे. इंडियन बाजूचे पदार्थ ओळखीचे आहेत, पण नेपाळी बाजूचं मोमोपलीकडे काही कळत नाही. किती वाजता पोचावं, मोमो ताजे आहेत हे कसं ओळखावं, नेपाळी पदार्थांत काय चुकवू नये, जाऊबाईंसाठी आधी काय विचारून ठेवावं आणि बिलात काय बघावं? "छान असतं, जाऊन या" एवढंच न सांगता नेमकं सांगितलंत तर फार मदत होईल.

कलथा_आणि_कढई

चेफिंग डिश (बुफेत पदार्थ मांडतात ते, खाली पाण्याचा ट्रे असलेलं भांडं) पदार्थ गरम करत नाही, फक्त गरम ठेवते, हे आधी लक्षात घ्या. पदार्थ स्वयंपाकघरातून उकळता आला आणि खालच्या ट्रेमध्येही कढत पाणी ओतलेलं असेल, तरच तो ६० अंश सेल्सिअसच्या वर टिकतो. घाईत गार पाणी ओतून खाली जळणाच्या जेलचा डबा पेटवला, तर पाणी तापेपर्यंत वरचा पदार्थ कोमट होऊन जातो. ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात. म्हणून ताट उचलण्याआधी एक फेरी नुसती बघायला मारा. झाकण उघडल्याबरोबर वाफ आली पाहिजे. रश्श्यावर जाड साय धरली असेल, कडेला वाळलेला पट्टा दिसत असेल, तर तो पदार्थ बराच वेळ तसाच पडून आहे. वाढून घेताना डाव तळापर्यंत घालून एकदा ढवळा, कारण वरचा थर नेहमीच सगळ्यात गार असतो.

चिकनला सगळे घाबरतात, पण माझ्या मते बुफेत जास्त सांभाळावं ते भाताबद्दल. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या घडवणारं विष भात पुन्हा परतला तरी नष्ट होत नाही. फ्राइड राइस आणि जिरा राइस वाफाळता नसेल तर सरळ सोडून द्या आणि साधा भात नवीन आणायला सांगा. कुठलंही बरं हॉटेल ते करतं.

इंडियन बाजूला काय निवडावं, तर जे उभं राहून बिघडत नाही ते. दाल मखनी, राजमा, छोले मंद आचेवर राहिले तरी दाट होतात, चव उतरत नाही. पनीर मात्र ग्रेव्हीत तासभर राहिलं की चिवट होतं. भेंडी चिकट होते. मटार आणि सिमला मिरची टोमॅटोच्या आंबट ग्रेव्हीत हळूहळू मळकट हिरवी होते, त्या रंगावरूनच भाजी किती वेळ ठेवलीय याचा अंदाज येतो. भजी आणि पकोडे झाकले की वाफेनं मऊ पडतात आणि उघडे ठेवले की गार होतात, त्यांचा बुफेत निभाव लागत नाही. नान टोपलीतली घेऊच नका. तंदूरमधून काढल्यावर पाच-दहा मिनिटांत ती चामट व्हायला लागते. टेबलावर गरम आणून देता का, हे बसतानाच विचारा. बऱ्याच ठिकाणी देतात, पण मागितल्याशिवाय नाही.

पोचण्याची वेळ: १२:१५. पहिला घाणा, भरलेली भांडी, गर्दी नाही. ज्येष्ठ आणि मुलं बरोबर असताना हेच सोयीचं.

हिमालयाची_थाळी

वेळेबद्दल माझं मत वेगळं आहे, ते आधी सांगते. सव्वाबाराला जी भांडी भरलेली दिसतात ती बरेचदा अकरा-साडेअकराला शिजलेली असतात, आणि माणसं कमी असल्यामुळे संपत नाहीत. रविवारी बडोद्यात जेवायची खरी गर्दी एकच्या सुमारास होते. तेव्हा भांडं पंधरा-वीस मिनिटांत रिकामं होतं आणि नवीन येतं. मोमो, नान, सेलरोटी (तांदळाच्या पिठाची गोड, तळलेली रोटी) यांसारख्या पदार्थांना हीच वेळ चांगली. पावणेएकला पोचा, सासूबाईंना आणि मुलांना आधी जेवू घाला, बाकीच्यांनी एकच्या नव्या घाण्यावर जेवावं. अडीचनंतर मात्र जाऊच नका, तेव्हा नवीन काही येत नाही.

आता नेपाळी बाजू. नेपाळी म्हणून मोमो, चाउमिन आणि थुक्पा (नूडल्सचं सूप) एवढंच मांडलं असेल, तर ते चायनीज काउंटर समजा. खरं नेपाळी जेवण आहे का, हे ओळखायला फोनवर तीन गोष्टी विचारा: गुंद्रुक आहे का, आलू-तामा आहे का, आणि अचारात टिमुर घालता का. तिन्हींना "हो" आलं तर आत नेपाळी हात आहे.

टिमुर आपल्याला परका नाही. कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालतात, टिमुर त्याच वंशातला. तिरफळासारखंच आतलं काळं बी टाकून फक्त टरफल वापरतात. जिभेला झिणझिण्या येतात आणि ओठ किंचित बधिर वाटतात. ही ॲलर्जी नव्हे, टिमुरचा गुणच आहे आणि तो काही मिनिटांत ओसरतो. मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ती घाबरतात. अचार म्हणजे इथे मुरलेलं लोणचं समजू नका. भाजलेला टोमॅटो, भाजलेले तीळ, सुकी मिरची, लसूण आणि टिमुर वाटून केलेली ती ताजी चटणी असते. घरात कुणाला तिळाची ॲलर्जी असेल तर ते इथेच विचारायचं, कारण मोमोच्या चटणीत आणि झोल मोमोच्या रश्श्यात तीळ जवळजवळ नेहमी असतात. काही जण सोयाबीनही वाटून घालतात.

बुफेत माणसं दाल, भात, तरकारी वेगवेगळ्या फेऱ्यांत घेतात आणि मग म्हणतात, नेपाळी जेवण सपक असतं. दाल-भात-तरकारी एकाच ताटात घ्यायची असते. मधे भात, त्यावर पातळ डाळ, बाजूला तरकारी, गुंद्रुक आणि एक चमचा अचार. प्रत्येक घासात भाताबरोबर अचार थोडा थोडा लावायचा. डाळ मुद्दाम सौम्य असते, तिखट-आंबटाचं काम अचार आणि गुंद्रुक करतात. बडोद्यातलं एक विशेष लक्षात ठेवा: इथल्या आचाऱ्यांचा हात सवयीनं डाळीत गूळ टाकतो. नेपाळी डाळीत गूळ नसतो. डाळ गोड लागली तर ती गुजराती डाळीच्याच पातेल्यातली आहे. उडदाची काळी डाळ असेल तर ती जरूर घ्या, तिला तुपात जिंबूची फोडणी देतात. ही मुस्तांगकडे मिळणारी, वाळवलेली, गवताच्या काड्यांसारखी दिसणारी वनस्पती आहे, आणि गरम तुपात पडली की घमघमाट सुटतो.

गुंद्रुक म्हणजे मोहरी, मुळा किंवा फ्लॉवरचा पाला कोमेजवून, घट्ट दाबून आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. रस्सा आंबट आणि थोडा उग्र. पहिल्यांदा अर्धी वाटीच घ्या, आवडला तर पुन्हा घ्या. आलू-तामा म्हणजे बटाटा, चवळी आणि आंबवलेले बांबूचे कोंब. विदर्भातली मंडळी वास्त्याची भाजी खातात, त्यांना हा वास लगेच ओळखू येईल. हा रस्सा उभा राहिला की आणखी मुरतो, म्हणून बुफेत उशिरा घेतला तरी चालतो.

ढिंडो दिसला तर नशीब. नाचणीच्या किंवा कुट्टूच्या पिठाचा घट्ट गोळा असतो. बोटांनी छोटा तुकडा तोडायचा, गुंद्रुकच्या रश्श्यात बुडवायचा आणि फार न चावता गिळायचा. चेफिंग डिशमध्ये ठेवलेला ढिंडो वरून कातडं धरतो आणि आत घट्ट होतो, मग त्याला कुणी हात लावत नाही. आतून ताजा मागवा. पाणी उकळलेलं असलं तर पीठ घोटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांचं खाणं मांडलं असेल तर आधी तिकडे वळा. ‘बारा’ हा पदार्थ म्हणजे वाटलेल्या उडदाची किंवा मुगाची जाड धिरडी, चतामरी म्हणजे तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं, वर खिमा, अंडं किंवा भाजी. चोइला म्हणजे भाजलेल्या मांसाचे तुकडे, त्यांना आलं-लसूण आणि टिमुर लावून वरून मोहरीच्या तेलातली मेथीची फोडणी ओततात. तिकडे तो बहुतेक म्हशीच्या मांसाचा असतो, इथे चिकनचा मिळतो. तो थंडच खातात, बरोबर कोरडे पोहे. त्यामुळे चोइला थंड आहे म्हणून परत पाठवू नका, पण तो बर्फावर किंवा थंड काउंटरवर ठेवलेला हवा, नुसता टेबलावर उघडा नको. क्वाँटी म्हणजे नऊ कडधान्यांना मोड आणून केलेली आमटी. आपल्याकडे नारळी पौर्णिमा असते त्याच दिवशी तिकडे ती घरोघर करतात.

शेवटी जुजु धौ, भक्तपूरचं म्हशीच्या दुधाचं दही. मातीच्या भांड्यात लावतात, भांडं पाणी शोषतं म्हणून दही घट्ट होतं. स्टीलच्या ट्रेमधून चमच्यानं काढून देत असतील तर ते नुसतं गोड दही. मातीच्या कुंडीत असेल तर पोटात त्याच्यापुरती जागा ठेवा.

सुभानपुरा_आहार

थाळीताईंनी जिंबूचं सांगितलं, त्यावर जाऊबाईंसाठी एक महत्त्वाची भर: जिंबू कांद्याच्याच कुळातला आहे. "कांदा-लसूण नाही" असं सांगितलं तर आचारी कांदा-लसूण वगळेल आणि फोडणीत जिंबू घालेल, कारण त्याच्या लेखी तो मसाला आहे. नाव घेऊन विचारा. मोमोच्या सारणात कोबीबरोबर कांदा असतोच, अचारात लसूण असतो. त्यांच्यासाठी सुरक्षित काय, तर सेलरोटी, ढिंडो, साधा भात, दही आणि आधी सांगून वेगळी काढलेली साधी डाळ-तरकारी. बडोद्यात जैन जेवण मागणारे पुष्कळ, त्यामुळे आदल्या दिवशी फोन केला तर दोन पदार्थ वेगळे करून देतात. ऐन वेळी सांगितलं तर सॅलड आणि पापडावर भागवावं लागतं. कुणी कंदमूळही टाळत असेल तर आलू-तामा गेला, आणि गुंद्रुक आंबवलेला असतो हेही सांगून ठेवा.

सासूबाईंसाठी: नाचणीचा ढिंडो पौष्टिक असला तरी तो पिठूळच पदार्थ आहे, भाताच्या ऐवजी घ्यायचा, भाताच्या जोडीला नाही. ताटाची सुरुवात हिरव्या भाजीनं आणि डाळीनं किंवा चिकननं करावी, भात किंवा नान शेवटी आणि कमी. त्यानं जेवणानंतरची साखर एकदम चढत नाही. सेलरोटीत तांदूळ, साखर, तूप आणि वर तळण, चवीपुरता अर्धा तुकडा पुरे. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन घेत असतील तर टेबल मिळून ताट समोर येईपर्यंत टोचू नये, रविवारी वाट बघण्यात अर्धा तास सहज जातो. रक्तदाबासाठी अचार, पापड आणि गुंद्रुकचा किंवा थुक्प्याचा रस्सा यांतून एकच निवडा. मीठ लपलेलं असतं ते नेमकं यांतच.

गहू चालत नसलेलं कुणी असेल तर मोमो, चाउमिन, थुक्पा आणि नान बाद. सेलरोटी तांदळाची असली तरी तिची कढई आणि फ्राइड मोमोची कढई एकच आहे का, ते विचारा.

हिशेबाची_वही

बिलाचं थोडक्यात. साध्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. बिलावर जीएसटी क्रमांक आणि हे दोन भाग वेगळे दिसले पाहिजेत. कंपोझिशन योजनेतलं (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) छोटं हॉटेल असेल तर त्याला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती ग्राह्य ठरवली. बिलात आपोआप लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

फोनवर ठरवून घ्यायच्या गोष्टी: मुलांचा दर वयावर आहे की उंचीवर, मिनरल वॉटर आणि शीतपेयं दरात आहेत की वेगळी, टेबलावर येणारी नान आणि मोमो बुफेतच धरलेत ना, आणि ताटात टाकलेल्या अन्नाचा दंड आहे का. बुफेतलं उरलेलं बांधून देत नाहीत. बारा जणांसाठी आगाऊ रक्कम मागितली तर ती बिलातून वजा होणार हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. दर सांगताना कर धरून की वगळून, हेही लिहून घ्या, बारा ताटांवर फरक चांगलाच पडतो.

अलकापुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पावणेएकचं ठरवते. मोमोचा प्रश्न अजून राहिला. आणि शाकाहारी पाच जणांसाठी: व्हेज आणि चिकन मोमो एकाच भांड्यात वाफवतात का?

हिमालयाची_थाळी

ताजा मोमो चमकदार आणि थोडा पारदर्शक दिसतो, आतल्या सारणाचा रंग कळतो. ओल्या बोटानं स्पर्श केला तर आवरण बोटाला चिकटत नाही. चिकटलं तर कच्चं आहे. फोडल्यावर आतून थोडा रस आलाच पाहिजे. दुसऱ्यांदा वाफवलेल्या मोमोच्या चुण्या कडक आणि पिवळट होतात, आवरण सारणाला घट्ट बसतं आणि रस नसतो. चेफिंग डिशमधला मोमो कधीच चांगला राहत नाही. झाकणावरची वाफ पाणी होऊन टपटपते आणि वरचे मोमो लिबलिबीत होतात, खालचे तळाला चिकटून फाटतात. म्हणून मोमो वाफवायचं भांडं, ज्याला मक्तू म्हणतात, ते समोर लावलेलं आहे का ते बघा. व्हेज मोमोला दहा-बारा मिनिटं लागतात, चिकनला त्याहून थोडी जास्त. पहिल्या वेळी माणशी चारच घ्या. नवा घाणा येईपर्यंत ताटात ढीग केलेले मोमो गार होतात, आवरण घट्ट होतं आणि मग ते टाकले जातात.

शाकाहारींचा प्रश्न अगदी योग्य विचारलात. मक्तूला एकावर एक चाळण्या असतात. व्हेज खाली आणि चिकन वर ठेवलं, तर चिकनचा रस खालच्या व्हेज मोमोवर गळतो. शिवाय काही ठिकाणी तळाच्या भांड्यात नुसतं पाणी नसतं, हाडांचं सूप उकळत ठेवलेलं असतं आणि सगळे मोमो त्याच वाफेवर शिजतात. तेव्हा "व्हेज आहे ना?" एवढं विचारून भागत नाही. व्हेजचा मक्तू वेगळा आहे का आणि त्याच्या तळाला पाणी आहे का, हे दोन्ही विचारा. झोल मोमोचा रस्साही असाच विचारून घ्या, तो त्या सुपातून केलेला असू शकतो.

कलथा_आणि_कढई

यात तळणाची कढई आणि चिमटे धरा. व्हेज आणि चिकन फ्राइड मोमो बहुतेक एकाच तेलात निघतात. काउंटरवर एकच चिमटा दोन्ही ट्रेमध्ये फिरत असेल तर वेटरला दुसरा मागा, आणि आपल्या मंडळींपुरता व्हेजचा घाणा सरळ टेबलावर आणायला सांगा. पाच शाकाहारींना प्रत्येकी चार म्हणजे २० नग, एवढ्यासाठी कुणी नाही म्हणत नाही. ऑर्डर बसल्या बसल्या द्या, सूप पिऊन होईपर्यंत मोमो येतात. आणि पावणेएक ठरलंच आहे तर बुकिंग करताना टेबल बुफेच्या रांगेपासून लांब पण मोमो काउंटरजवळ मागा. सासूबाईंना उठबस कमी होईल आणि घाणा उघडताना समोर दिसेल.